खपलीच्या पोटातलं रान

उन्हं तापायला लागली की आमच्या महाळुंग्यात कुरडयांचा घाट निघायचा. गहू तीन दिवस भिजत घालायचा, रोज पाणी बदलायचं. चौथ्या दिवशी दाणा चिमटीत दाबला की पांढरं दूध बाहेर यायचं. मग तो वाटायचा, फडक्यातून पिळायचा आणि चीक रात्रभर खाली बसू द्यायचा. फडक्यात उरलेला चोथा गुरांपुढे जाई. त्यातली मूठभर लांबवून ती नळाखाली चोळत बसायचा मला नाद होता. कोंडा वाहून गेला की हातात एक करडा, रबरासारखा गोळा राही. ताणला की लांबे, सोडला की आखडे. घरात त्याला काही नाव नव्हतं. कच्चा गहू चावून चावून तोंडात जी गोळी होते तीच ही, एवढं आम्हा पोरांना ठाऊक होतं.

ते गव्हाचं प्रथिन होतं. इटलीतल्या बोलोन्या शहरात बेक्कारी नावाच्या वैद्यकाच्या प्राध्यापकाने १७२८ साली कणीक अशीच पाण्यात धुतली आणि हाती राहिलेल्या चिकट गोळ्याचं वर्णन विद्वानांच्या सभेत केलं. ग्लूटेनच्या अभ्यासाची सुरुवात तिथून धरतात. आमच्या आज्या-पणज्या तेच काम दर उन्हाळ्यात करत होत्या, फक्त त्यांना हवा होता चीक, म्हणजे पिष्ट. प्रथिन गुरांच्या वाट्याला जायचं.

खरं तर मुळशी हा भाताचा तालुका, आंबेमोहराचा. महाळुंग्यात गहू यायचा तो बाजारातून. पण या गावापासून दहा-बारा किलोमीटरवर, पुण्याच्या आगरकर रस्त्यावर, आघारकरांच्या नावाची एक संस्था आहे. (रस्ता समाजसुधारक गोपाळ गणेश आगरकरांचा, संस्था वनस्पतिशास्त्रज्ञ शंकर पुरुषोत्तम आघारकरांची. टपालवाल्यांची दया येते.) गव्हाच्या दाण्यातल्या प्रथिनाची गोष्ट जगभर फिरून ज्या काही ठिकाणी येऊन टेकते, त्यातलं हे एक. ती सुरू होते मात्र फार लांब आणि एका वाळलेल्या काडीपासून.

फ्रेडरिक क्योर्निके हे जर्मनीत बॉनजवळ शेतकी शिकवणारे, धान्यांच्या जाती लावण्यात आयुष्य घालवलेले गृहस्थ. १८७३ साली व्हिएन्नाच्या संग्रहालयात ते रानटी सातूचे नमुने चाळत होते. हे नमुने कोत्शी नावाच्या संग्राहकाने १८५५ मध्ये हर्मोन पर्वताच्या परिसरातून आणले होते. सातूच्या जुडीत एक ओंबी वेगळी निघाली. ती सातूची नव्हती, गव्हाची होती आणि तीही कुणी न पेरलेल्या गव्हाची. घरच्या गव्हाचा रानातला बाप सापडला, हे क्योर्निकेंच्या ध्यानात आलं. पण काडी एकच होती आणि तीही मेलेली. जिवंत झाड कुणी पाहिलं नव्हतं.

ते दिसलं १९०६ च्या जूनमध्ये. पॅलेस्टाइनमधला तरुण शेतीतज्ज्ञ आरॉन आरोनसोन रोश पिन्ना गावाजवळच्या द्राक्षमळ्यात हिंडत होता. खडकाच्या फटीतून एक गव्हाचं झाड वर आलेलं त्याला दिसलं. ओंबीला हात लावला तर ती तुकड्या-तुकड्यांनी गळून पडली. रानातल्या गव्हाची खूण तीच. ओंबी पिकली की फुटते, जोडीदार दाणे कुसळांसकट जमिनीत रुततात आणि पुढच्या पावसाला उगवतात. ओंबी धरून ठेवणारं झाड माणसाच्या सोयीचं असतं, रानाच्या नाही. आरोनसोन पुढे पहिल्या महायुद्धात इंग्रजांसाठी हेरगिरी करू लागला आणि १९१९ मध्ये इंग्लिश खाडीवर विमान कोसळून गेला. त्याच्यावर कादंबरी लिहिता येईल. आपल्याला त्याची ती ओंबी पुरे.

या रानटी गव्हाचं माणसाळलेलं सख्खं अपत्य म्हणजे आपली खपली. ओंबी फुटायची खोड गेली, पण दाण्याला घट्ट बिलगलेलं टरफल मात्र राहिलं. मळणी झाली तरी दाणा उघडा पडत नाही. खळ्यावरून घरी येते ती टरफलासकट. मग किंचित ओल देऊन उखळात सडायची, सुपात पाखडायची, पुन्हा सडायची. जखमेवरची खपली जशी धरून बसते तसं हे टरफल. नाव ठेवणाऱ्याने बहुधा सडणाऱ्या बाईच्या तळहाताकडे पाहून ठेवलं असावं. सांगली, सातारा, कोल्हापूर, सोलापूर आणि खाली बेळगाव-विजापूरकडे ती पिढ्यान्‌पिढ्या पेरली गेली, मुख्यतः सणासुदीसाठी. खीर, हुग्गी, शेवया, पुरणपोळी यांना रव्याळ, गोडसर खपलीच हवी, असं तिकडचा माणूस आजही छातीठोकपणे सांगतो.

आता हा शब्द बोटीत चढतो.

अमेरिकेतल्या मिनेसोटात एल्विन स्टॅकमन नावाचे संशोधक तांबेऱ्याच्या मागे लागले होते. १९१६ साली खोडावरच्या काळ्या तांबेऱ्याने उत्तर अमेरिकेतला गहू झोपवला होता. तांबेरा म्हणजे एकच रोग नाही, त्या बुरशीचे अनेक वंश आहेत आणि प्रत्येक वंश वेगळ्या गव्हावर चालतो, हे स्टॅकमननी दाखवलं. वंश ओळखायचे कसे? बारा जातींचे गहू शेजारी शेजारी लावायचे, त्यांवर बुरशी सोडायची आणि कोणता पडला, कोणता उभा राहिला ते वहीत मांडायचं. १९२२ मध्ये पक्क्या झालेल्या या बारा जणांच्या पंगतीत मार्क्विस, कोटा, मिंडम, व्हर्नाल अशी नावं आहेत आणि शेवटी एक आहे ‘खपली’. हिंदुस्थानातून गेलेल्या वाणाला तिथे दुसरं नावच मिळालं नाही. पुढची कित्येक दशकं जगातल्या प्रयोगशाळांत तांबेरा ओळखायचा तो या मराठी शब्दाच्या साक्षीने. ऑस्ट्रेलियात वॉटरहाउसनी तिचा तिथल्या स्टाइनवेडेल गव्हाशी संकर केला आणि अपत्याचं नाव ठेवलं ‘खापस्टाइन’. आपल्या भाषेतले किती शब्द असे जर्मन आडनावाला जाऊन चिकटले असतील?

खपलीची खरी कसोटी लागली ती १९५० नंतर. ‘१५ बी’ नावाचा तांबेऱ्याचा नवा वंश उफाळला आणि १९५३, १९५४ या लागोपाठच्या दोन हंगामांत नॉर्थ डकोटातला बन्सी गहू, म्हणजे शेवया-मॅकरोनीचा कडक गहू, जवळजवळ हातचा गेला. तिथल्या पैदासकारांनी खपलीचा अंश घातलेले वाण पुढे आणले. १९५६ मध्ये असे चार वाण एकदम बाहेर पडले. त्यातल्या एकाचं नाव लँग्डन. ते लक्षात ठेवा, परत येणार आहे.

इतका सगळा गाजावाजा रोगाचा. दाण्याच्या आत काय आहे, हे कुणी विचारत नव्हतं. आपल्याकडेही नाही. निफाडचं गहू संशोधन केंद्र १९३२ पासून काम करत होतं आणि त्याचाही मुख्य शत्रू तांबेराच. केनियातल्या गव्हाशी निफाडचा संकर करून काढलेल्या वाणांना ‘केनफाड’ म्हणत, म्हणजे खापस्टाइनचं उट्टं निघालं म्हणायचं. त्या काळाला दोष देण्यात अर्थ नाही. पीकच हाती लागत नसताना त्यातलं प्रथिन कोण मोजणार?

शंकर पुरुषोत्तम आघारकर हे मालवणचे, जन्म १८८४ चा. तरुणपणी सह्याद्रीत भटकताना कोयनेच्या खोऱ्यात त्यांना गोड्या पाण्यातला जेलीफिश सापडला आणि त्या शोधाची दखल थेट विलायतेत घेतली गेली. पुढे कलकत्ता विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे घोष प्राध्यापक. उच्च शिक्षणासाठी जर्मनीत गेले, तर पहिलं महायुद्ध पेटलं आणि ब्रिटिश प्रजाजन म्हणून त्यांना तिथे स्थानबद्ध व्हावं लागलं. सुटल्यावर बर्लिनमध्ये एंग्लर यांच्या हाताखाली त्यांनी डॉक्टरेट पुरी केली. १९४६ मध्ये निवृत्त होऊन ते पुण्याला आले. साठी उलटलेला प्राध्यापक बागेत खुर्ची टाकून बसतो; यांनी त्याच वर्षी समविचारी मंडळी जमवून महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी काढली. सरकारी खातं नव्हे, विद्यापीठ नव्हे. काही शास्त्रज्ञांनी उभी केलेली संस्था. १९६० मध्ये आघारकर वारले. १९९२ मध्ये वर्धिनीच्या संशोधन संस्थेला त्यांचं नाव मिळालं. गव्हाच्या वाणांवर मात्र वर्धिनीच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं तशीच राहिली. ‘एमएसीएस’ आणि पुढे आकडा. शेतकरी म्हणतो, “मॅक्सचा गहू.”

संस्थेने खपली आणि बन्सी हे दोन दक्षिणी गहू सोडले नाहीत, हे मला तिचं मोठं काम वाटतं. साठ-सत्तरच्या दशकांत सगळ्या देशाचं लक्ष बुटक्या मेक्सिकन गव्हाकडे लागलेलं होतं. रेशनच्या दुकानात अमेरिकेचा लाल गहू मिळायचा. त्याच्या पोळ्या वातड होत म्हणून घरोघर कुरकुर चाले आणि तरी रांग लागायची. १९७२ च्या दुष्काळात तर लाल ज्वारीही गोड मानून घ्यावी लागली. अशा वेळी पोती मोजली जातात. सणाला लागणारा, टरफलाचा, उंच वाढून वाऱ्याने लोळणारा गहू कुणाला हवा होता? पण पुण्यात जी. बी. देवडीकर आणि त्यांचे सहकारी बन्सी-खपलीचे दुसऱ्या प्रजातींशी संकर करत राहिले. खपलीची चव आणि चिवटपणा ठेवायचा, पण काडी आखूड करायची, म्हणजे पाणी-खत दिलं तरी पीक लोळणार नाही. अशा खटपटीतून संस्थेचा एमएसीएस २९७१ हा बुटका खपली वाण पुढे आला. धारवाडच्या केंद्राचे ‘डीडीके’ मालिकेतले वाण त्याच वाटेवरचे.

हरितक्रांतीच्या गव्हाबद्दल एक तक्रार तेव्हापासून ऐकू येते. ‘दाणा भरला, पण कस गेला.’ ती सगळीच भावनेची नाही. उत्पादन वाढलं की प्रथिनाची टक्केवारी घसरते, हे पैदासकारांचं जुनं दुखणं आहे. झाडाने मुळांतून घेतलेलं नत्र ठरावीक. दाण्यात पिष्ट जितकं जास्त कोंबाल तितकं प्रथिन विरळ होतं, दुधात पाणी घालावं तसं. उलट बाजूने प्रथिन वाढवलं की उत्पादन रुसतं. साठच्या दशकाच्या शेवटी दिल्लीत गॅमा किरणांनी घडवलेल्या शरबती सोनोराबद्दल प्रथिनाचा दर्जाही सुधारल्याचा गवगवा झाला होता. दाणा लालचा पिवळसर झाला हे खरं, पण लायसिन वाढल्याचा दावा पुढच्या तपासण्यांत टिकला नाही. प्रथिनाच्या बाबतीत उतावीळपणा करू नये, हा धडा तेव्हाच मिळाला होता.

मग पुन्हा आरोनसोनची ओंबी आली. १९७८ च्या फेब्रुवारीत गव्हाच्या आनुवंशिकीची पाचवी जागतिक परिषद नवी दिल्लीत भरली. इस्रायलच्या एल. अविवी यांनी तिथे निबंध मांडला, की गॅलिलीच्या टेकड्यांवरच्या रानटी गव्हात प्रथिन घरच्या गव्हापेक्षा पुष्कळ जास्त आहे. काही ओंब्यांत तर वीस टक्क्यांच्या वर. ऐकणाऱ्यांपैकी जाणत्यांनी भुवया उंचावल्या असतील, कारण रानटी दाणा बारीक आणि चिमलेला असतो. पिष्ट कमी, म्हणून प्रथिनाची टक्केवारी आपोआप फुगते. हे रानाचं खरं धन की नुसता दाणा उपाशी असल्याचा परिणाम, हे कसं ओळखायचं?

ओळखलं ते नॉर्थ डकोटात, लिओनार्ड जोप्पांनी. गव्हाच्या पेशीत गुणसूत्रांच्या जोड्या असतात. बन्सी आणि खपलीत चौदा, साध्या पोळीच्या गव्हात एकवीस. जोप्पांनी एक बन्सी घेतला आणि त्यातली एकेक जोडी काढून त्या जागी रानटी गव्हाची तीच जोडी बसवली. चौदा जोड्या, चौदा ओळी, बाकी सगळं जसंच्या तसं. मोटारीचा एकेक भाग बदलून कोणत्या भागाने आवाज बदलतो ते पाहावं, तसं. १९९० मध्ये त्यांनी आणि कँट्रेल यांनी निकाल दिला, की सहाव्या ‘बी’ गुणसूत्राची जोडी रानातली असली की प्रथिन चढतं आणि दाणा मात्र चिमत नाही. म्हणजे धन खरं होतं.

आणि ज्या बन्सीत ही जोडी बसवली, तो होता लँग्डन. १९५६ चा, खपलीच्या रक्ताचा. रानातला आजोबा आणि कृष्णाकाठची नात असे एका कुंडीत भेटले, डकोटात, कुणाच्या लक्षातही न येता.

पुढची सोळा वर्षं त्या गुणसूत्राच्या तुकड्यावर खोदकाम चाललं. कॅलिफोर्नियात डेव्हिसला होर्हे दुबकोव्स्की, हैफाला त्सियोन फाहिमा, त्यांच्याबरोबर क्रिस्तोबाल उआउई आणि असाफ डिस्टेलफेल्ड. २००६ च्या नोव्हेंबरात ‘सायन्स’मध्ये त्यांनी जनुक हातात धरून दाखवलं. ते थेट प्रथिन बनवत नाही, हीच गंमत. ते कारभारी आहे. ओंबी भरायला लागली की ते पानांना हुकूम सोडतं: पुरे झालं, आता आवरा. पानं पिवळी पडू लागतात. पडता पडता त्यांच्यातलं नत्र मोडून वर दाण्याकडे जातं आणि त्याबरोबर लोह आणि जस्तही. संशोधकांनी उलटा प्रयोगही केला. या कारभाऱ्याचा आणि त्याच्या भाऊबंदांचा आवाज दाबला, तर झाड तीन आठवड्यांहून जास्त काळ हिरवंगार राहिलं. दाण्यातलं प्रथिन, लोह, जस्त मात्र तीस टक्क्यांहून अधिक घटलं. हिरवं शेत बघून शेतकरी खूश आणि दाणा आतून रिकामा.

मग आपल्या गव्हात हे जनुक का नाही? आहे, पण मुकं. बन्सीच्या जनुकात एकच अक्षर जादा घुसलं आहे आणि पुढचा सगळा मजकूर सरकून निरर्थक झाला आहे. ‘गवत हिरवं वाढलं’ या वाक्यात दुसऱ्या अक्षरानंतर एक फालतू अक्षर टाका आणि तीन-तीन अक्षरांचे शब्द पाडून वाचा, तसं. पोळीच्या गव्हाच्या बहुतेक वाणांत तर तो तुकडाच गायब. त्याच निबंधात एक मोजदाद आहे आणि मला ती सगळ्यात बोलकी वाटते. रानटी गव्हाचे ४२ नमुने तपासले, सगळ्यांत अक्षर शाबूत. बन्सीचे ५७ तपासले, एकातही नाही. आणि खपलीच्या घराण्यातले, टरफलाचे १९ तपासले, त्यातल्या १७ जणांत शाबूत. म्हणजे माणसाने गहू माणसाळवला तेव्हा हे जनुक गेलं नाही. टरफल सुटं झालं, दाणा मोठा झाला, त्या पुढच्या वाटेवर ते गळालं. पान जास्त दिवस हिरवं राहिलं तर दाणा जास्त भरतो. शेतकऱ्याने भरलेलं कणीस बियाण्याला राखलं आणि नकळत कस सोडून दिला, असा तर्क करता येतो.

याला एक शेपूट आहे. १८६२ साली लंडनला जे मोठं आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरलं, त्यातल्या गव्हाचे दाणे जपून ठेवलेले होते. स्वीडनच्या अभ्यासकांनी दीडशे वर्षांनी त्यातून डीएनए काढला, तर काही दाण्यांत हे अक्षर शाबूत निघालं. म्हणजे गहू सगळीकडे सारखाच आणि एकदम मुका झालेला नाही.

जनुकाचं ते खोदकाम चालू होतं, तेव्हा इकडे पुण्यात काय चाललं होतं? पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत प्रभाकर रांजेकर, विद्या गुप्ता आणि मंडळी आणि आगरकर रस्त्यावर व्ही. एस. राव, ताम्हणकर यांची चमू, असे दोन गट पंजाबच्या धालीवाल यांच्याबरोबर एकाच कोड्यावर बसले होते. पंजाबात तयार झालेला एक संकर त्यांच्यापुढे होता. एक पालक पीएच १३२, प्रथिनाने भरलेला. दुसरा डब्ल्यूएल ७११, उत्पादनाचा पण कसाला हलका. त्यांची शंभरावर पोरं सात पिढ्या वेगळी वाढवून, प्रत्येकाचं प्रथिन मोजून, डीएनएची कोणती खूण जास्त प्रथिनवाल्यांतच सापडते ते शोधायचं. मेरठला पी. के. गुप्तांचा गटही याच कुटुंबावर काम करत होता. उत्तर कंटाळवाणं निघालं आणि म्हणूनच खरं. प्रथिनाचं एकच कुलूप नाही. निरनिराळ्या गुणसूत्रांवर विखुरलेली अनेक जनुकं आहेत, प्रत्येकाचा वाटा लहान, आणि हवामान नि खत यांचा हात त्या सगळ्यांहून लांब. रानातलं ते सहाव्या गुणसूत्रावरचं जनुक मोठं म्हणून गाजलं, तरी तेही या गर्दीतलं एक. मेरठच्या गटाने ते पुढे भारतीय गव्हात आणूनही पाहिलं.

आघारकर संस्थेत तोवर दुसराही एक प्रश्न चघळला जात होता: प्रथिन किती, यापेक्षा कोणतं? तो रबराचा गोळा दोन जिनसांचा असतो. ग्लायडिन लांबतं, ग्लूटेनिन ओढून धरतं. त्यांच्या पट्ट्या जेलवर उमटवून, कोणत्या बन्सीत ‘गॅमा ४५’ आहे आणि कोणत्यात ‘४२’, हे तिथे तपासलं गेलं. ४५ वाल्याची शेवई उकळत्या पाण्यात तग धरते, ४२ वाल्याचा लगदा होतो. पोळीसाठी मऊ लांबणारं ग्लूटेन बरं, पावासाठी ताठ. प्रथिनाचा आकडा पाकिटावर छापता येतो, हे छापता येत नाही.

महाराष्ट्राच्या गव्हाची अडचण आणखी वेगळी आहे. पंजाबसारखी लांब थंडी आपल्याला नाही. नोव्हेंबरात पेरलेला गहू फेब्रुवारीच्या उन्हात सापडला की पानं वेळेआधीच करपतात आणि दाणा चिमतो. इथे पानं लवकर पिवळी करणारं जनुक आणणं म्हणजे घाईत असलेल्याला ढकलण्यासारखं. म्हणून इथल्या पैदासकाराला रान, उन्हाळा आणि तांबेरा तिघांनाही सांभाळून तडजोड करावी लागते. बारामतीजवळच्या होळ इथल्या संस्थेच्या शेतावर ती तडजोड वर्षानुवर्षं वाफ्यावाफ्याने होत आली आहे.

तिची दोन फळं सांगतो. सातारा जिल्ह्यातल्या कोरेगाव तालुक्यात करंजखोप नावाचं गाव आहे. तिथल्या शेतकऱ्यांनी एमएसीएस ६४७८ पेरला. पूर्वी हेक्टरी २५ ते ३० क्विंटल होत होते, ते ४५ ते ६० वर गेले. दाण्यात प्रथिन १४ टक्के. म्हणजे उत्पादन आणि प्रथिन यांचं भांडण मिटू शकतं, निदान एका गावात मिटलं. दुसरा एमएसीएस ४०२८, हा बन्सी. पावसाच्या ओलीवरच येणारा, १०२ दिवसांत पिकणारा, हेक्टरी १९.३ क्विंटल. ऐकायला कमी वाटतं, पण पाणी न देता. प्रथिन १४.७ टक्के, किलोभर दाण्यात लोह ४६.१ मिलिग्रॅम, जस्त ४०.३. २०२० च्या मार्चमध्ये सरकारने त्याची माहिती जाहीर केली, तेव्हा देश टाळेबंदीत शिरत होता आणि गव्हाच्या वाणाकडे बघायला कुणाला सवड नव्हती.

दुकानात मात्र गहू आकड्याने विकला जात नाही. आमच्या महाळुंग्यात दुकानदार ‘लोकवन’ म्हणतो. हे मूळ ‘लोक-१’, गुजरातेतल्या सणोसऱ्याच्या लोकभारती संस्थेचा वाण. इंग्रजी ‘वन’चं मराठीत रान झालं, हे एक बरं झालं. २०२१ मध्ये गाव पुणे महापालिकेत गेलं, भाताच्या खाचरांवर मनोरे उभे राहिले आणि मनोऱ्यांखालच्या दुकानांत आता खपलीचं पीठ आलं आहे, चढ्या भावाने, ‘प्राचीन गहू’ म्हणून. प्राचीन आहेच. तांबेऱ्याशी लढायला जगाने तिच्याकडून उसनवारी केली ती अजून फिटलेली नाही. १९९८ मध्ये युगांडात निघालेल्या भयंकर तांबेऱ्यालाही आवरणारं एक जनुक खपलीत आहे आणि २०१७ मध्ये ते वेगळं काढलं दुबकोव्स्कींच्याच प्रयोगशाळेने.

पण परवा एका पाकिटावर ‘ग्लूटेनमुक्त’ असं छापलेलं पाहिलं. ते खोटं आहे. खपलीत ग्लूटेन आहे आणि ज्याला सीलिअ‍ॅक आजार आहे, त्याने ती खाऊ नये. विश्वास नसेल तर मूठभर खपलीची कणीक मळा, अर्धा तास झाकून ठेवा आणि नळाखाली धुवा. गोळा थोडा मऊ असेल, लवकर तुटेल, पण हातात राहीलच.